गर्टी कोरी : साखरेच्या वाटेचा शोध

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातले काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे विषय ठरलेलाच होता. प्रश्न होता तो कुणाविषयी लिहावे हा. मग आपल्या गटावरच्या गप्पा आठवल्या. पूर्वी आपण एकमेकांना मार्क किती पडले हे विचारायचो, आता साखर किती आली हे विचारतो. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मात्र खाल्लेली साखर शरीरात नेमकी जाते कुठे, साठते कुठे आणि परत येते कशी, ही वाट ज्यांनी शोधली त्या बाईंचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्यांचे नाव गर्टी कोरी. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री.

गर्टी राडनिट्झ हिचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्राग शहरात झाला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. घर ज्यू, सुखवस्तू आणि शिकलेले. तीन बहिणींत गर्टी थोरली. वडील ओटो रसायनतज्ज्ञ होते आणि साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचे व्यवस्थापन पाहत. तिकडे साखर उसाची नसते, बीटाची असते, पण साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या आपल्यातल्या काहींना हे घर फार परके वाटणार नाही. पुढे जिने आयुष्यभर साखरेचाच माग काढला, तिच्या घरची भाकरीही साखरेवरच चालत होती.

दहा वर्षांची होईपर्यंत गर्टी घरीच शिकली. नंतर तिला मुलींच्या शाळेत घातले. त्या काळी तिकडच्या मुलींच्या शाळेचा हेतू वेगळा होता. मुलीला चार लोकांत नीट वागता यावे, कला-वाङ्मयाची थोडी जाण असावी, म्हणजे झाले. तिचे मामा बालरोगाचे प्राध्यापक होते. भाचीची हुशारी पाहून त्यांनी तिला डॉक्टर होण्याचे सुचवले. सोळाव्या वर्षी गर्टीने ते मनावर घेतले आणि मग लक्षात आले की वैद्यकीय प्रवेशासाठी जे लागते, त्यातले जवळजवळ काहीच शाळेने शिकवलेले नाही. लॅटिन आठ वर्षांचे बाकी, गणित पाच वर्षांचे बाकी, भौतिक आणि रसायनही तसेच. मुलांच्या शाळेत जे इयत्तेमागून इयत्ता सावकाश शिकवले जाई, ते तिने वर्षभरात भरून काढले, परीक्षा दिली आणि १९१४ साली प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळवला. आपल्यातल्या शिक्षक मंडळींना हा तपशील विशेष जाणवेल. शाळा काय शिकवते यावर मुलाचे आयुष्य जितके अवलंबून असते, तितकेच ती काय शिकवत नाही यावरही असते.

विद्यापीठात तिची कार्ल कोरी या सहाध्यायाशी ओळख झाली. दोघांना डोंगर चढायची आवड आणि दोघांनाही रोग्यांपेक्षा प्रयोगशाळेची ओढ जास्त. मध्येच पहिले महायुद्ध आले. कार्लला सैन्यात जावे लागले आणि इटलीच्या आघाडीवर त्याने हालअपेष्टा पाहिल्या. परतल्यावर दोघांनी मिळून रक्तद्रवावर संशोधन केले आणि पहिला निबंध संयुक्त नावाने प्रसिद्ध केला. १९२० साली दोघे डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. चर्चमध्ये विवाह व्हावा म्हणून गर्टीने कॅथलिक धर्म स्वीकारला.

लग्नानंतर गर्टी व्हिएन्नातील एका बालरुग्णालयात काम करू लागल्या. थायरॉइड ग्रंथीच्या उणिवेमुळे ज्यांची वाढ खुंटली आहे अशा मुलांच्या शरीराचे तापमान कसे राखले जाते, उपचारानंतर त्यात काय फरक पडतो, याचा त्यांनी अभ्यास केला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाच्या शरीरातले एखादे रसायन कमी पडले की त्याची सगळी वाढच बदलते, हे त्यांनी ऐन पंचविशीत वॉर्डात डोळ्यांनी पाहिले होते. युद्धानंतरच्या व्हिएन्नात अन्नाची इतकी टंचाई होती की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने खुद्द गर्टींच्याच डोळ्यांना विकार जडला. त्याच सुमारास कार्ल यांना ग्राझच्या विद्यापीठात काम मिळाले, पण त्यासाठी आपल्या पूर्वजांत कुणी ज्यू नाही हे त्यांना सिद्ध करून द्यावे लागले. पत्नी ज्यू घरातली. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे दोघांनी वेळीच ओळखले. १९२२ साली अमेरिकेतील बफेलो येथे कर्करोगाच्या संशोधन संस्थेत कार्ल यांना जागा मिळाली आणि काही महिन्यांनी गर्टीही तिथे सहायक म्हणून रुजू झाल्या.

बफेलोमध्ये गर्टींचे काम सूक्ष्मदर्शकाखाली नमुने पाहण्याचे. पतीबरोबर संशोधन करणे थांबवावे, नाहीतर नोकरी जाईल, अशी ताकीदही त्यांना मिळाली. त्यांनी काही दिवस दम धरला आणि पुन्हा सुरुवात केली. नुकतेच इन्शुलिन सापडले होते आणि मधुमेहावर औषध मिळाले म्हणून जगभर आनंद होता. औषध मिळाले तरी त्यामागचे कोडे सुटले नव्हते. रक्तातली साखर कमी होते म्हणजे ती जाते तरी कुठे? कोरी दांपत्याने हाच प्रश्न धरला. उंदरांना मोजून साखर द्यायची आणि ठरावीक तासांनी तिचा हिशेब मांडायचा, यकृतात किती, स्नायूंत किती, जळून गेली किती. किराणा दुकानदाराने रात्री गल्ल्याचा हिशेब जुळवावा तसे हे काम होते. हिशेब अचूक यायचा तर मोजण्याची पद्धत अचूक हवी, म्हणून त्या पद्धतीही त्यांनी स्वतः सुधारून घेतल्या.

या हिशेबातून १९२९ साली जे चित्र उभे राहिले, त्याला आज कोरी चक्र म्हणतात. ते असे आहे. आपण पोळी-भात खातो, त्याचे ग्लुकोज होते. लगेच न लागणारे ग्लुकोज एकाला एक जोडून शरीर ग्लायकोजेन नावाच्या फांद्याफांद्यांच्या रूपात साठवते. ही साठवण मुख्यतः दोन ठिकाणी असते, यकृतात आणि स्नायूंत. शाळेच्या मैदानावर आपण शंभर मीटर धावायचो तेव्हा पायांच्या स्नायूंतले ग्लायकोजेन झपाट्याने मोडायचे. तेवढ्या वेगाला पुरेल इतका प्राणवायू न मिळाल्याने त्यातून दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टिक ॲसिड, तयार व्हायचे. हे दुग्धाम्ल वाया जात नाही. ते रक्तातून यकृताकडे जाते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते आणि ते ग्लुकोज रक्तातून परत स्नायूंना मिळते. या देवघेवीत शरीराला तोटा सोसावा लागतो. स्नायूला दोन मात्रा ऊर्जा मिळते, तर तेच ग्लुकोज पुन्हा घडवायला यकृत सहा मात्रा खर्च करते. तरीही आणीबाणीच्या वेळी स्नायूला तातडीने ऊर्जा मिळते आणि परतफेडीचा भार यकृत आपल्या सोयीने उचलते.

आणखी एक भेद इथे स्पष्ट झाला. स्नायूतली साठवण खासगी आहे, ती स्नायू स्वतःपुरतीच वापरतो. यकृत मात्र साऱ्या घराची कणगी आहे. रात्रभर आपण उपाशी झोपतो तेव्हा मेंदूला ग्लुकोज पुरवते ते यकृत. त्याआधी हे अवयव आपापले काम करणारे वेगवेगळे घटक म्हणून अभ्यासले जात. स्नायू आणि यकृत यांच्यात रक्तातून अशी कायमची देवघेव चालते, हे या दोघांनी आकडे मांडून दाखवले.

इतके झाल्यावर कार्ल यांना निरनिराळ्या विद्यापीठांकडून बोलावणी येऊ लागली. गर्टींना येत नव्हती. एका विद्यापीठाने तर कार्ल यांनी पत्नीबरोबर काम करणे सोडावे अशी अट घातली. गर्टींना बाजूला घेऊन, तुम्ही नवऱ्याच्या प्रगतीच्या आड येत आहात आणि पतीने पत्नीबरोबर काम करणे हे अमेरिकी रीतीला धरून नाही, असे सांगण्यात आले. त्या रडल्या. कार्ल यांनी ती जागा नाकारली. १९३१ साली सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांना घेतले. कार्ल औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि गर्टी संशोधन सहायक. त्यांचा पगार पतीच्या पगाराच्या एक दशांशाच्या आसपास होता. एकाच टेबलावर, एकाच प्रयोगावर, संयुक्त नावाने काम करणाऱ्या दोघांमधला हा फरक पुढे बरीच वर्षे टिकला.

सेंट लुइसला त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. ग्लायकोजेन मोडते म्हणजे नेमके काय होते? पाण्याच्या साहाय्याने त्याचे सरळ ग्लुकोजचे तुकडे होत असावेत, असा समज होता. १९३६ साली बेडकाचे स्नायू बारीक करून, पाण्याने धुऊन केलेल्या प्रयोगांत त्यांना एक अनोळखी पदार्थ सापडला. त्यात ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनला फॉस्फेट जोडलेले होते. हा ग्लुकोज-१-फॉस्फेट, याला कोरी एस्टर असेही म्हणतात. ग्लायकोजेनच्या टोकाचे एकेक ग्लुकोज फॉस्फेटच्या साहाय्याने सुटे होते, हे त्यातून कळले. त्याच वर्षी सेंट लुइसच्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात गर्टींना मुलगा झाला. त्या तेव्हा चाळिशीत होत्या आणि बाळंतपण अगदी जवळ येईपर्यंत प्रयोगशाळेत जात होत्या. मुलाचे नाव टॉम. हा टॉम कोरी पुढे सिग्मा-ऑल्ड्रिच या रसायन कंपनीचा प्रमुख झाला. आमच्या विषयाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही सिग्माची बाटली वेगळी सांगावी लागत नाही.

हे सुटे करण्याचे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांनी नंतर शोधले. त्याचे नाव फॉस्फोरिलेज. १९३९ साली त्यांनी त्याच विकराच्या साहाय्याने उलटी क्रिया करून परीक्षानळीत ग्लायकोजेन तयार केले. सजीव पेशीच्या बाहेर एवढा मोठा जैविक रेणू घडवल्याचे ते पहिलेच उदाहरण होते. असे रेणू जिवंत पेशीतच घडू शकतात, ही समजूत तिथे मोडली. पुढे आर्डा ग्रीन या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी फॉस्फोरिलेजचे शुद्ध स्फटिकही मिळवले.

गर्टींचा स्वभाव तसा सोपा नव्हता. मोजमापात ढिलाई त्यांना खपत नसे आणि बोलण्यात त्या धारदार होत्या. पण त्या प्रयोगशाळेचे दार मात्र इतरांपेक्षा जास्त उघडे होते. स्त्रिया आणि ज्यू म्हणून इतरत्र ज्यांना सहज प्रवेश मिळत नसे, अशांना कोरी दांपत्याकडे जागा मिळाली. दुपारच्या जेवणाच्या टेबलावर विज्ञानाबरोबर पुस्तके, चित्रे, राजकारण असे सगळे विषय निघत. या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या सहा जणांना पुढे नोबेल मिळाले : सेव्हेरो ओचोआ, आर्थर कॉर्नबर्ग, लुइस लेलुआर, अर्ल सदरलँड, ख्रिश्चन द दूव आणि एडविन क्रेब्ज. शिक्षकाची कमाई कशात मोजावी हे आपल्या गुरुजनांना मी सांगायला नको.

१९४७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात एकाच वेळी तीन गोष्टी घेऊन आले. त्या वर्षी त्यांना अखेर पूर्ण प्राध्यापकपद मिळाले, वयाच्या पन्नाशीनंतर. उन्हाळ्यात डोंगर चढताना त्यांना असह्य थकवा आला आणि तपासण्यांतून कळले की अस्थिमज्जेचा असा आजार जडला आहे, ज्यात शरीर रक्त तयार करणे हळूहळू सोडून देते. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. आणि शरद ऋतूत नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अर्धे पारितोषिक अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांना आणि उरलेले अर्धे कोरी पती-पत्नींना. विज्ञानात नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. आधीच्या दोघी म्हणजे मेरी क्युरी आणि त्यांची कन्या इरेन. पोटात ही आजाराची बातमी घेऊनच गर्टी डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला गेल्या.

त्यानंतरची दहा वर्षे त्या वारंवार रक्त चढवून घेत जगल्या. कार्यालयातच एक खाट टाकली होती. थकवा आला की पडायचे आणि बरे वाटले की पुन्हा टेबलाशी. शेवटी शेवटी तर कार्ल त्यांना उचलून इकडून तिकडे नेत. अशा अवस्थेत माणूस मिळालेल्या मानावर समाधान मानून थांबला असता तर कुणी नाव ठेवले नसते. गर्टींनी मात्र याच काळात एक नवा विषय हाती घेतला आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम केले.

काही बालकांमध्ये जन्मतःच एक विकार असतो. पोट फुगलेले, यकृत भलतेच वाढलेले, उंची खुंटलेली. थोडा वेळ उपाशी राहिले की रक्तातली साखर धोकादायक पातळीवर घसरते आणि झटके येतात. जर्मन वैद्य फॉन गिर्के यांनी १९२९ साली अशा मुलांच्या यकृतात ग्लायकोजेन ठासून भरलेले असते हे दाखवले होते. कणगी भरलेली आणि तरी घर उपाशी, हा काय प्रकार? डॉक्टर मंडळी अशा मुलांच्या यकृताचे नमुने सेंट लुइसला पाठवू लागली. १९५२ साली कोरी पती-पत्नींनी उत्तर दिले. ग्लुकोजला चिकटलेले फॉस्फेट शेवटच्या पायरीवर काढून टाकणारे एक विकर निरोगी यकृतात असते. तेच विकर स्नायूत नसते, म्हणून स्नायूची साठवण खासगी राहते. या मुलांच्या यकृतात नेमके तेच विकर नव्हते. कणगी भरलेली होती, पण दार उघडणारी किल्लीच जन्मतः नव्हती.

एखादा आनुवंशिक आजार अवयवातल्या एका ठरावीक विकराच्या अभावामुळे होतो, हे प्रत्यक्ष त्या अवयवातच मोजून दाखवल्याचे हे पहिले उदाहरण. गर्टी तिथे थांबल्या नाहीत. सगळ्या मुलांचा आजार एकच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. काहींच्या ग्लायकोजेनची रचनाच वेगळी होती. फांद्या जिथे फुटतात तिथले सांधे सोडवणारे विकर जोसेफ लार्नर आणि बार्बरा इलिंगवर्थ या तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी ओळखले आणि त्याच्या अभावाने होणारा प्रकार वेगळा काढला. त्याला आज कोरी यांचेच नाव आहे. काहींत फांद्या लांबच लांब वाढलेल्या होत्या, तर काहींत रचना ठीक असूनही ग्लायकोजेन हृदयासकट सगळ्या अवयवांत साचत होते. असे चार प्रकार त्यांनी मांडले. आज ही यादी पुष्कळ लांबली आहे, पण तिचा पाया त्या चारांवरच उभा आहे. व्हिएन्नाच्या वॉर्डात वाढ खुंटलेली मुले पाहून ज्या डॉक्टरबाईंनी सुरुवात केली होती, त्या तीस वर्षे उंदीर, बेडूक आणि परीक्षानळ्यांतून फिरून पुन्हा मुलांकडेच आल्या होत्या.

२६ ऑक्टोबर १९५७ रोजी सेंट लुइस येथे राहत्या घरी गर्टींचे निधन झाले. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

मागे बरेच मान मिळाले. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. २००८ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले आणि त्यावर त्यांनीच शोधलेल्या ग्लुकोज-१-फॉस्फेटची आकृती चुकीची छापली. मोजमापाच्या बाबतीत त्यांचा बाणा ठाऊक असलेल्यांना हे वाचून हसावे की चुकचुकावे कळत नाही.

फॉन गिर्के आजार झालेल्या बालकांवरचा उपाय गर्टींच्या हयातीत सापडला नाही. तो १९८०च्या दशकात रूढ झाला आणि तो अगदी साधा आहे. मक्याचा स्टार्च, आपण स्वयंपाकघरात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो तो, न शिजवता पाण्यात कालवून ठरावीक तासांनी द्यायचा. कच्चा असल्याने तो पोटात सावकाश पचतो आणि यकृत जे करू शकत नाही ते काम थोडे थोडे करत राहतो. हा विकार दुर्मिळ आहे, पण आपल्याकडेही आढळतो. अशा मुलाची आई रात्री गजर लावून उठते, कालवलेला पेला मुलाला पाजते आणि पुढच्या गजरापर्यंत आडवी होते. ते मूल सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत जाते. तिला गर्टी कोरी हे नाव माहीत असण्याचे काही कारण नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात एका नभोवाणी कार्यक्रमासाठी गर्टींनी आपल्या श्रद्धा काय आहेत हे थोडक्यात सांगितले होते. तरुणपणापासून त्या बौद्धिक प्रामाणिकपणा, धैर्य आणि दया या तीन गुणांना मानत आल्या होत्या. वय वाढले तसे या तिन्हींत दयेचे पारडे थोडे जड झाले, असे त्यांनी त्यात नमूद केले. ज्या बाईंना नोकरीसाठी, पगारासाठी आणि शेवटी रक्तासाठीही झगडावे लागले, त्यांनी अखेरीस कशाला वर ठेवले हे आपल्या वयाच्या सर्वांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.